मागून येणारी अक्षरे : एका जुन्या नेटबुकच्या संथ पडद्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण २०१० सालच्या एका नेटबुकचे आहे. त्यात इंटेलचा अ‍ॅटम एन४५० हा प्रोसेसर आहे: वेग १.६६ गिगाहर्ट्‌झ, कोअर (सूचना पार पाडणारा भाग) एकच, त्यावर दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि ५१२ किलोबाइट कॅश (प्रोसेसरच्या आतली लहान, जलद मेमरी). ग्राफिक्सचे काम करणारी जीएमए ३१५० ही चिप प्रोसेसरच्याच अंगात बसवलेली असून तिला स्वतःची वेगळी मेमरी नाही. मुख्य मेमरीतलाच वाटा घेऊन ती काम करते. मुख्य मेमरी २ गिगाबाइट, म्हणजे या प्रोसेसरला चालणारी कमाल मर्यादा. हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, आणि पडदा १,०२४ बाय ६०० पिक्सेलांचा. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि हलका म्हणून ओळखला जाणारा एक्सएफसीई हा डेस्कटॉप बसवलेला होता.

यंत्र वापरणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. लेख टाइप करणे, पीडीएफ वाचणे, मेल पाहणे आणि अधूनमधून एखादे व्याख्यान ऐकणे एवढीच त्यांची अपेक्षा, आणि ती या यंत्राच्या आवाक्यातली आहे असे मला सुरुवातीपासून वाटत होते. त्यांची तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली: “मी लिहून पुढे जाते आणि अक्षरं मागून येतात.” हे वाक्य मी जसेच्या तसे टिपून ठेवले, कारण पुढे निदानाची दिशा त्याच वाक्याने दिली.

माझ्याकडे येण्यापूर्वी या यंत्रावर बरेच प्रयोग झाले होते. मेमरी १ गिगाबाइटवरून २ केली होती. आधीचा जड डेस्कटॉप काढून एक्सएफसीई आणला होता, तोही शिफारस केलेली पॅकेजे वगळून, शक्य तितका सडसडीत. डेस्कटॉपवरचे चित्र काढून सपाट करडा रंग लावला होता, आयकॉन लपवले होते. हे सारे करणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि यातला प्रत्येक उपाय कोणत्या ना कोणत्या यंत्रावर खरोखर उपयोगी पडतो. इथे मात्र अक्षरे मागूनच येत राहिली. मेमरी दुप्पट करूनही एखादे लक्षण तसूभर बदलत नसेल, तर त्या लक्षणाचे मूळ बहुधा मेमरीत नाही, एवढे तरी त्यातून कळत होते.

तक्रारीची फोड

‘संगणक हळू चालतो’ या एका वाक्याखाली निरनिराळे विलंब एकत्र बांधलेले असतात. बाईंशेजारी बसून तासभर त्यांचे नेहमीचे काम पाहिल्यावर तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. कार्यक्रम उघडायला वेळ लागत होता. उघडल्यानंतर खिडकी सरकवताना, पान वरखाली करताना आणि टाइप करताना पडदा हाताच्या मागे राहत होता. आणि व्हिडिओ लहान खिडकीत कसाबसा चालत असला तरी पूर्ण पडद्यावर नेताच एकामागून एक स्थिर चित्रे दाखवल्यासारखा होत होता.

पहिला विलंब एकदाच सोसावा लागतो. दुसरा प्रत्येक कळ दाबताना सोसावा लागतो, आणि म्हणून माणसाला तोच अधिक थकवतो. म्हणून मी आधी त्याच्याच मागे लागलो.

पहिली चाचणी अगदी साधी होती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून ग्राफिकल डेस्कटॉपच्या बाहेर, केवळ अक्षरांच्या कन्सोलवर गेलो आणि तोच परिच्छेद तिथे टाइप केला. अक्षरे बोटाबरोबर उमटली. कीबोर्ड, कर्नल (प्रणालीचा मूळ भाग) आणि प्रोसेसरची मूळ ताकद यांवरचा संशय त्या अर्ध्या मिनिटात बराच कमी झाला. जुन्या यंत्राची तक्रार आली की ही चाचणी सर्वांत आधी करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिला काहीही बसवावे लागत नाही आणि ती शोधाचे क्षेत्र लगेच आखून देते.

मेमरी आणि डिस्क

पुढची मापे मी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दूरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरून घेतली. संथ पडद्याचे कारण शोधताना त्याच पडद्यावर सतत बदलणारा आकड्यांचा तक्ता उघडला, तर तो तक्ता रंगवण्याचा भार मोजमापात मिसळतो. हा भार मोठ्या यंत्रावर नगण्य असतो. इथे तो नगण्य नव्हता.

मेमरी आणि डिस्कची हालचाल दाखवणारे व्हीएमस्टॅट चालू ठेवून बाईंना दहा मिनिटे लिहू दिले. एक मजकूर-संपादक, एक पीडीएफ आणि दोन टॅब उघडलेला ब्राउझर असताना स्वॅपमध्ये (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जाणारी आणि तिथून येणारी मेमरीची पाने शून्य होती. डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ फक्त नवा कार्यक्रम उघडताना दिसे आणि लगेच ओसरे. म्हणजे मेमरी पुरत होती. डिस्कचा दोष खरा होता, पण तो पहिल्या विलंबाचा होता, अक्षरांचा नव्हता.

डिस्कच्या दोषाचा हिशेब इथेच सांगून टाकतो. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद, हवा तो भाग डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि डोके त्या पट्ट्यापर्यंत नेण्याचा वेळ निराळा. अशा डिस्कवर विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आतच होतात. एखादा कार्यक्रम उघडताना लायब्ररी, फाँट, आयकॉन आणि सेटिंगच्या असंख्य लहान फाइली ठिकठिकाणांहून वाचाव्या लागतात, त्यामुळे तिथे प्रोसेसर बसून राहतो आणि डिस्क धावत राहते. यावर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हाच उपाय आहे. जुन्या जोडणीमुळे नव्या एसएसडीचा छापील वेग अशा यंत्रात मिळत नाही हे खरे, पण इथला लाभ डोके हलवण्याचा वेळ वाचण्यातला आहे आणि तो पुरेपूर मिळतो. तरीही ती मी लगेच बसवली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय सुधारले ते कळत नाही.

पडदा रंगवण्याचा हिशेब

कोणता कार्यक्रम प्रोसेसर किती वापरतो ते दाखवणाऱ्या टॉपच्या यादीत मात्र चित्र स्पष्ट होते. खिडकी गोल गोल सरकवताना एक्स सर्व्हर, म्हणजे पडदा रंगवणारा कार्यक्रम, दोनपैकी एक थ्रेड जवळजवळ पूर्ण व्यापत होता. ब्राउझरमध्ये हलणारी जाहिरात असेल तेव्हा कोणी काहीही न करता तो तसाच व्यग्र राहत होता, आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या संपादकातली अक्षरे मागे पडत होती.

या दोन गोष्टींचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. एक्स विंडो सिस्टिमचा आरंभ १९८४ साली एमआयटीत झाला आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ पासून चालत आली आहे. त्या रचनेत प्रत्येक कार्यक्रम आपल्या खिडकीत काय रंगवायचे याच्या विनंत्या सर्व्हरकडे पाठवतो आणि सर्व्हर त्या पुरवतो. चित्र रंगवण्याचे हे काम मुख्यतः एकाच थ्रेडवर चालते. ब्राउझरची मोठी विनंती पुरी होईपर्यंत संपादकाचे एक अक्षरही रांगेत थांबते, आणि रांग मोकळी झाली की साठलेली पाच-सहा अक्षरे एकदम उमटतात. बाईंचे ‘मागून येतात’ हे वर्णन शब्दशः बरोबर होते.

आता भार किती आहे ते पाहू. १,०२४ बाय ६०० म्हणजे ६,१४,४०० पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एक पूर्ण पडदा २४,५७,६०० बाइटांचा होतो. ही संख्या प्रोसेसरच्या ५१२ किलोबाइट कॅशच्या साडेचार पटींहून अधिक आहे. म्हणजे पडदा पूर्ण रंगवताना प्रत्येक वेळी मुख्य मेमरीपर्यंत जावेच लागते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि एका वेळेला १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरची सेकंदातली १६६ कोटी आवर्तने सेकंदातल्या ३,६८,६४,००० पिक्सेलांवर वाटली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ४५ आवर्तने येतात, आणि तीही दुसरे कोणतेच काम नसताना.

पंचेचाळीस आवर्तने वरवर पाहता पुरेशी वाटतात, कारण एकाच सूचनेत चार पिक्सेल हाताळण्याची सोय या प्रोसेसरला आहे. पण एन४५० ज्या घराण्यातला आहे त्यातले प्रोसेसर सूचना आल्या त्याच क्रमाने पार पाडतात. हवा असलेला डेटा कॅशमध्ये नसेल तर मोठा प्रोसेसर त्या वेळात पुढच्या सूचना उरकून घेतो; हा थांबून राहतो. आणि पडदा रंगवणे हे असे काम आहे की त्यात डेटा सतत कॅशबाहेरून येतो.

त्यातही वाचन आणि लेखन यांत फरक असतो. पडद्याच्या मेमरीत प्रोसेसरने लिहिणे ठीकठाक वेगाने होते, कारण लहान लहान लेखने एकत्र करून पाठवली जातात. पण तिथून परत वाचणे कॅशशिवाय होते आणि ते अतिशय महाग पडते. अर्धपारदर्शक सावली किंवा कडा गुळगुळीत केलेले अक्षर उमटवायचे तर आधी तिथे काय आहे ते वाचावेच लागते. म्हणून सॉफ्टवेअरने रंगवणारा सर्व्हर साध्या मेमरीत पडद्याची एक सावली-प्रत ठेवतो, सारे मिश्रण तिच्यात करतो आणि बदललेला भाग नंतर खऱ्या पडद्यावर उतरवतो. सोय चांगली आहे, पण त्यामुळे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा हाताळला जातो.

हे सारे प्रोसेसरने का करावे, हाच खरा प्रश्न होता. जीएमए ३१५० दुबळी असली तरी आयताकृती भाग एकीकडून दुसरीकडे नेणे आणि दोन चित्रे एकमेकांत मिसळणे ही कामे ती करू शकते. मग ती रिकामी का बसली होती?

लॉगमधली एक ओळ

प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दाखवणारे परफ हे साधन लावल्यावर एक्स सर्व्हरचा बहुतेक वेळ पिक्समॅन या लायब्ररीत जाताना दिसला. पिक्समॅन म्हणजे प्रोसेसरकडून पिक्सेल मिसळून घेणारी लायब्ररी. तिचे नाव यादीत इतके वर असणे म्हणजे ग्राफिक्स चिप कामावर नसल्याचा जवळजवळ कबुलीजबाब. ओपनजीएलची, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याच्या प्रमाणित पद्धतीची, माहिती विचारली तर चित्र काढणारा म्हणून एलएलव्हीएमपाइपचे नाव आले, म्हणजे तेही प्रोसेसरवरच. आणि एक्सव्ही, म्हणजे व्हिडिओच्या चौकटीचे रंगरूपांतर आणि आकारबदल चिपकडून करून घेण्याची जुनी सोय, तिची चौकशी केली तर एकही अडॅप्टर नसल्याचे उत्तर मिळाले. पूर्ण पडद्यावरचा व्हिडिओ का अडखळत होता, ते तिथेच उलगडले: प्रत्येक चौकट ताणून सहा लाखांवर पिक्सेल भरण्याचे कामही प्रोसेसर करत होता.

आधी यंत्र पाहणाऱ्यालाही एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसले होते, आणि त्यावरून त्याने निष्कर्ष काढला होता की जुन्या चिपचा आधारच आता काढून टाकला आहे. या निष्कर्षाला काही कारण होते. मेसा या ओपनजीएल लायब्ररीने २०२२ च्या आरंभी, २२.० या आवृत्तीत, जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर खरोखरच वगळले, आणि त्यांत या पिढीच्या इंटेल चिपांचा जुना ड्रायव्हरही होता. पण याच चिपांसाठी गॅलियम या नव्या रचनेवर आधारलेला दुसरा ड्रायव्हर मेसात आहे आणि तो वगळलेला नाही. म्हणजे आधार गेला नव्हता. आधारापर्यंत पोहोचण्याची वाट कुठेतरी तुटली होती.

ती जागा एक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलीत, सापडली. इशारा म्हणून नोंदलेल्या एका ओळीत म्हटले होते की ग्लॅमरला किमान १२८ सूचना लागतात आणि या चिपने ६४ कळवल्या आहेत. त्यापुढे सर्व्हर कोणतीही तक्रार न करता सुरू झाला होता.

या ओळीचा अर्थ सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एक्स सर्व्हरमध्ये पूर्वी प्रत्येक चिपसाठी वेगळा ड्रायव्हर असे आणि त्या चिपला रेषा, आयत, अक्षरे कशी काढायला सांगायची हे त्यात लिहिलेले असे. नंतर कर्नलकडे पडद्याची मांडणी ठरवण्याचे काम गेले आणि २०१५ च्या १.१७ या आवृत्तीपासून मोडसेटिंग नावाचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर सर्व्हरच्याच गाभ्यात आला. तो कोणत्याही चिपची खास भाषा बोलत नाही. ग्लॅमर नावाच्या भागामार्फत सगळे द्विमितीय काम ओपनजीएलमध्ये उतरवतो. अलीकडच्या चिपांसाठी ही पद्धत उत्तम आहे, आणि एकाच ठिकाणी केलेली सुधारणा सर्वांना मिळते हा तिचा मोठा गुण आहे. पण ग्लॅमर ज्या छोट्या आज्ञावली चिपवर चालवतो, त्या मावण्यासाठी चिपला एका आज्ञावलीत किमान १२८ गणिती सूचना झेपल्या पाहिजेत अशी अट त्यात घातलेली आहे. इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या चिपांना ६४ झेपतात. जीएमए ३१५० त्याच पिढीतली आहे. अट मोडली, ग्लॅमर मागे सरला, आणि सर्व्हरने निमूटपणे सारा भार प्रोसेसरवर टाकला.

यंत्रावर हे का घडले, तेही मग स्पष्ट झाले. सडसडीतपणाच्या ओढीने एक्स सर्व्हरचा केवळ गाभा बसवला गेला होता. गाभ्यात मोडसेटिंग असतो. इंटेलचा जुना, चिपनिहाय ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजमध्ये असतो आणि ते पॅकेज आलेच नव्हते. पडदा योग्य मापात उमटत होता, रंग बरोबर होते, कुठे त्रुटीचा फलक नव्हता, त्यामुळे काही उणे आहे अशी शंका यायला जागाच नव्हती. वाचवलेली जागा काही मेगाबाइटांची होती. तिच्यापायी यंत्रातली एकमेव मदतनीस चिप बेकार झाली होती, आणि ही गोष्ट मला आजही बोचते, कारण ही चूक काळजी घेणाऱ्याच्याच हातून होते.

उपाय आणि त्याचे मोजमाप

उपाय एका पॅकेजचा होता. इंटेलचा जुना ड्रायव्हर बसवला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. या ड्रायव्हरमध्ये एसएनए नावाची प्रवेग-पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक पिढीच्या चिपसाठी स्वतंत्र मार्ग लिहिलेला असून तिसऱ्या पिढीसाठीही तो आहे. ती ओपनजीएलच्या वळणाने न जाता चिपला थेट आज्ञा देते, त्यामुळे १२८ सूचनांची अट तिला लागूच होत नाही.

फरक पाहण्यासाठी घड्याळ लागले नाही. खिडकी हाताबरोबर फिरू लागली. टॉपमध्ये एक्स सर्व्हर यादीच्या तळाकडे सरकला. ओपनजीएलच्या माहितीत एलएलव्हीएमपाइपच्या जागी खऱ्या चिपचे नाव आले आणि एक्सव्हीचा अडॅप्टर दिसू लागला. बाईंनी एक पूर्ण ओळ डोळे मिटून टाइप केली आणि उघडल्यावर ती तिथे होती.

तरीही डोळ्यांवर विसंबू नये म्हणून एक्स११परफ हे जुने चाचणी-साधन आधी आणि नंतर चालवले होते. त्यातला निकाल सरसकट नव्हता. मोठे भाग सरकवणे आणि मोठी चित्रे मिसळणे यांत सुधारणा भरघोस होती, पण ठिपके, आखूड रेषा असल्या बारीक कामांत ती जवळजवळ नव्हती. हे अपेक्षितच आहे: चिपला काम सोपवण्याचा स्वतःचा एक खर्च असतो, आणि काम इवलेसे असेल तर तो खर्चच कामाइतका होतो. रोजच्या वापरात मात्र पान सरकवणे आणि खिडक्या उलगडणे हीच कामे अधिक असल्याने लाभ नेमका हवा तिथे पडला.

या उपायाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्या ड्रायव्हरची २.९९.९१७ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये निघाली, आणि त्यानंतर वितरणे त्याच्या विकास-शाखेतून वेळोवेळी प्रत घेत आली आहेत. नव्या इंटेल चिपांवर तो वापरू नये असे माझे मत आहे. तिथे मोडसेटिंगच योग्य. पण तिसऱ्या पिढीसाठी आज त्याला पर्याय नाही.

कॉम्पोझिटरचा प्रश्न

ड्रायव्हर बसल्यावर कॉम्पोझिटर ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न उरला. कॉम्पोझिटर असताना प्रत्येक खिडकी आधी पडद्याबाहेरच्या स्वतःच्या चित्रात रंगते आणि मग ती सारी चित्रे एकावर एक रचून पडदा तयार होतो. याने सावल्या आणि पारदर्शकता मिळते, आणि खिडकी सरकवल्यावर खालच्या खिडकीला पुन्हा रंगावे लागत नाही. किंमत अशी की एका अक्षराच्या बदलासाठीही तो भाग दोनदा रंगतो. एक्सएफसीईचा कॉम्पोझिटर हे रचण्याचे काम एक्सच्या रेंडर या विस्तारामार्फत करतो, म्हणून एसएनए आल्यावर त्याचाही भार चिपवर गेला होता आणि तो चालू ठेवणे अशक्य नव्हते.

मी तो बंद केला. बाई सहसा एकच खिडकी पूर्ण पडदाभर ठेवून काम करतात. दहा इंचांच्या पडद्यावर दुसरे काही सोयीचेही नाही. एकमेकांवर न येणाऱ्या खिडक्यांना रचण्याची गरज नसते. बंद केल्याचा तोटा म्हणजे ब्राउझरवरून दुसरी खिडकी सरकवली तर क्षणभर पांढरा माग उमटतो, कारण उघड्या पडलेल्या भागाचे चित्र ब्राउझरला नव्याने काढावे लागते. सरकवताना खिडकीचा मजकूर न दाखवता फक्त चौकट दाखवण्याचा पर्याय एक्सएफसीईत आहे. तो लावल्यावर हा मागही नाहीसा झाला. व्हिडिओत आडवी चीर दिसू नये म्हणून ड्रायव्हरमधला टिअरफ्री हा पर्याय चालू केला. त्यासाठी पूर्ण पडद्याच्या जादा प्रती मेमरीत ठेवाव्या लागतात आणि कॉपी करण्याचा भार वाढतो, पण कॉम्पोझिटर नसताना तो झेपला. दोन्ही एकत्र चालवून पाहिले तेव्हा पान सरकवताना पुन्हा जडपणा जाणवला, म्हणून निवड एकाचीच केली.

अक्षरांच्या कडा उपपिक्सेल पद्धतीने गुळगुळीत करण्याऐवजी साध्या करड्या छटांनी करून पाहिल्या. उपपिक्सेल पद्धतीत लाल, हिरवा आणि निळा यांचे मिश्रण स्वतंत्र प्रमाणात करावे लागते. फरक इतका कमी होता की मी मूळ सेटिंग परत आणले; या पडद्यावर ती अक्षरे डोळ्यांना अधिक स्वच्छ वाटतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांचाही हिशेब धरला पाहिजे.

एक्सच्या जागी वापरता येणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीचा विचार केला होता. तिथे कॉम्पोझिटर हा रचनेचाच अविभाज्य भाग असतो आणि एसएनएसारखा या चिपसाठी घासून तयार केलेला द्विमितीय मार्ग तिथे वापरता येत नाही. या यंत्रावर एक्सच योग्य ठरला.

ब्राउझर

इथे यश अर्धेच आहे. फायरफॉक्सचा पान रंगवणारा भाग चिपवर चालण्यासाठी ओपनजीएल ३ च्या दर्जाची क्षमता मागतो. ही चिप फार तर २.१ पर्यंत जाते. त्यामुळे ब्राउझर आपले पान प्रोसेसरवरच रंगवतो आणि तयार चित्र एक्स सर्व्हरला देतो. ड्रायव्हर बदलून यातला फक्त शेवटचा टप्पा सुधारला. जीटीके ४ या खिडक्या-बटणे रचणाऱ्या साधनसंचावर बांधलेल्या नव्या कार्यक्रमांचेही बरेचसे असेच आहे, म्हणून संपादक आणि पीडीएफ वाचक निवडताना जीटीके ३ किंवा क्यूटीचे साधे विजेट वापरणारे कार्यक्रम मुद्दाम घेतले.

ब्राउझरमध्ये सर्वांत मोठा लाभ जाहिराती अडवणाऱ्या विस्ताराने दिला. हलणारी जाहिरात म्हणजे स्क्रिप्ट चालवणे, चित्र काढणे आणि पडदा पुन्हा पुन्हा रंगवणे असे तिहेरी काम, तेही वाचकाने काही न मागता. ते थांबल्यावर एकाच कोअरच्या यंत्राला श्वास घ्यायला जागा मिळते. टॅब तीन-चारांपुरते ठेवायचे असे बाईंनी स्वतःच ठरवले.

टॅब वाढले तर २ गिगाबाइट मेमरी अपुरी पडतेच. त्यासाठी झेडरॅम लावला. यात मेमरीचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरतात आणि त्यात जाणारी पाने दाबून ठेवतात, त्यामुळे डिस्कपर्यंत जाणे टळते. पण दाबण्या-उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो आणि या यंत्रात प्रोसेसरच सर्वांत दुर्मीळ आहे. म्हणून अधिक घट्ट दाबणारी झेडस्टँडर्ड पद्धत सोडून कमी दाबणारी पण जलद अशी एलझेड४ निवडली.

व्हिडिओसाठी ब्राउझर टाळला. जीएमए ३१५० ला फक्त एमपेग-२ च्या उलगडण्यात मदत करता येते. आजचे व्हिडिओ एच.२६४, व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीचे असतात आणि ते प्रोसेसरनेच उलगडावे लागतात. त्यांत एच.२६४ सर्वांत सोसवणारी. व्याख्यान एच.२६४ मध्ये, ४८० ओळींपर्यंतच्या मापात उतरवून एमपीव्ही या प्लेअरमध्ये एक्सव्हीच्या मार्गाने लावले की रंगरूपांतर आणि ताणणे चिप करते, आणि प्रोसेसरकडे उलगडण्याचे काम तेवढे उरते. पूर्ण पडद्यावर ते आता सलग चालते. ७२० ओळींचा व्हिडिओ या यंत्राकडून अपेक्षू नये.

नंतर

एसएसडी सर्वांत शेवटी बसवली आणि पहिला विलंब, म्हणजे कार्यक्रम उघडण्याचा, तिने निवारला. ती आधी बसवली असती तर यंत्र ‘बरेच सुधारले’ असे म्हणून मी कदाचित थांबलो असतो आणि अक्षरे मागूनच येत राहिली असती.

आधीच्या काटकसरीतल्या काही गोष्टी मी परत फिरवल्या. डेस्कटॉपवरचे चित्र म्हणजे मेमरीत सुमारे अडीच मेगाबाइटांची एक प्रत, आणि ते झाकलेले असताना रंगवण्याचा खर्च नाही. ते काढून काहीच वाचत नव्हते. बाईंनी आपल्या शेवटच्या वर्गाचे छायाचित्र पुन्हा तिथे लावले आहे.

एन४५० हा ६४-बिट प्रोसेसर असल्याने पुढच्या आवृत्त्यांची वाट त्याला मोकळी आहे. त्याआधीचा, २००८ सालचा अ‍ॅटम एन२७० केवळ ३२-बिट होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट इंटेल यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल देणे थांबवले आहे. अशा यंत्रांचा विचार वेगळा करावा लागेल. बाईंच्या नेटबुकवर आवृत्ती वाढवताना धोका एकच दिसतो: जुना ड्रायव्हर पॅकेजांच्या उलाढालीत निघून जाणे. तसे झाले तर पूर्वीप्रमाणेच कोणताही फलक दिसणार नाही. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट ठेवून दिली आहे. डेस्कटॉप सुरू झाल्यावर ती एक्सव्हीचा अडॅप्टर आहे का आणि ओपनजीएलच्या नावात एलएलव्हीएमपाइप तर नाही ना, एवढे पाहते, आणि काही चुकले असल्यास पडद्यावर ठळक अक्षरांत तसे लिहिते.